शिंग कोण देतं, कोण घेतं: फ्लेमिश चित्रांतल्या अन्नाच्या मागावर पाच दिवस

फ्लेमिश, म्हणजे आजच्या उत्तर बेल्जियमच्या भागातल्या, जुन्या चित्रांत अन्न कशासाठी येतं ते पाहायला हा दौरा. बेल्जियममधली जुनी संग्रहालयं पाहायची तर वार सांभाळावे लागतात. सोमवारी बहुतेक ठिकाणं बंद असतात. अँटवर्पचं राजेशाही कलासंग्रहालय मात्र सोमवारीही उघडं असतं, म्हणून दौरा तिथूनच सुरू केला: सोमवार-मंगळवार अँटवर्प, बुधवारी ब्रुसेल्स, गुरुवारी लव्हेन, शुक्रवारी गेंट. ही शहरं एकमेकांपासून रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावर, फार तर तासाभरावर आहेत. मुक्काम अँटवर्पला एकाच जागी ठेवला तरी चालतं. वेळा बदलत राहतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणचं संकेतस्थळ बघून घ्यावं.

सोबत दोन वस्तू हव्यात: छोटी दुर्बीण आणि वही. आठ-दहा फूट अंतरावरून स्ट्रॉबेरीच्या बिया मोजता येतील अशी, कमी अंतरावर फोकस होणारी दुर्बीण घ्यावी. पक्षिनिरीक्षणाच्या बऱ्याच दुर्बिणी इतक्या जवळचं स्पष्ट दाखवत नाहीत, हे विकत घेताना तपासावं.

पहिला दिवस, सोमवार: अँटवर्पचं कलासंग्रहालय

अकरा वर्षं बंद राहिलेलं हे संग्रहालय सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा उघडलं. सकाळी दहाला आत शिरून अँटवर्पचा नामांकित चित्रकार रुबेन्स याच्या भव्य वेदीचित्रांकडे, म्हणजे चर्चच्या वेदीसाठी काढलेल्या चित्रांकडे, लगेच वळू नये. आधी आब्राहाम यान्सेन्सचं ‘स्काल्डिस आणि अँटवर्पिया’ शोधावं. या विषयाची किल्ली त्यात आहे.

चित्र 1609 चं, सुमारे पावणेदोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. स्काल्डिस म्हणजे शहराला कवेत घेऊन वाहणारी स्खेल्डे नदी, दाढीवाल्या पुरुषाच्या रूपात. अँटवर्पिया म्हणजे तरुणीच्या रूपातलं शहर. नदी शहराला फळांनी ओसंडणारं शिंग देते आहे.

हे शिंग ग्रीक-रोमन कथांतलं, आणि त्याच्या जन्माच्या कथा दोन. एकीत ते बाळ झ्यूसला दूध पाजणाऱ्या अमाल्थेया शेळीचं मोडलेलं शिंग. दुसरी ओव्हिडनं सांगितलेली: बैलाचं रूप घेतलेल्या आखेलोसचं शिंग हर्क्युलिसनं उपटलं आणि जलपऱ्यांनी ते फळाफुलांनी भरलं. आखेलोस हा नदीचा देव. म्हणून नदीच्या हातात शिंग पाहिलं की दुसरी कथा आठवावी. सुबत्ता पाण्यावाटे येते, बंदरातून येते, असं हे चित्र अँटवर्पकरांना त्यांच्याच भाषेत सांगतं.

आता त्या वर्षीचं वास्तव. 1585 मध्ये शहर स्पेनच्या हाती पडलं आणि स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डच बंडखोरांनी नदीचं मुख अडवलं. एकेकाळी लाखाच्या घरात असलेली वस्ती 1589 पर्यंत सुमारे 42 हजारांवर आली. 1609 च्या एप्रिलमध्ये बारा वर्षांच्या युद्धविरामावर सह्या झाल्या, त्या अँटवर्पच्या नगरभवनात. यान्सेन्सचं चित्र याच भवनातल्या मोठ्या दालनासाठी काढलेलं आहे. पण युद्धविरामानंतरही नदी मोकळी झाली नाही. म्हणजे चित्रातलं भरलेलं शिंग हा मिळालेल्या मालाचा हिशेब नव्हे, ती मागणी आहे. वाटाघाटीला बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेला अर्जच म्हणा. फ्लेमिश चित्रांत अन्नाचा ढीग दिसला की ‘इथे किती पिकलं’ असा प्रश्न न विचारता ‘हे कोण देतंय, कोण घेतंय, आणि कोणत्या अटीवर’ असं विचारावं. पाचही दिवस हाच प्रश्न उपयोगी पडला.

हीच नदी 1635 मध्ये पुन्हा दिसली. स्पेनचा राजपुत्र फर्डिनांड शहरात येणार होता, त्याच्या स्वागताच्या कमानी आणि देखावे रुबेन्सनं आखले. त्यातल्या एकात व्यापाराचा देव मर्क्युरी अँटवर्प सोडून निघाला आहे आणि स्काल्डिस पायांत बेड्या घालून झोपलेला आहे. त्याचं तैलरेखाटन आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. त्याचा फोटो मोबाईलमध्ये आधीच साठवून ठेवावा आणि यान्सेन्सच्या चित्रासमोर उभं राहून उघडावा. एकच नदी, मध्ये 26 वर्षं.

रुबेन्सचं ‘गारठलेली व्हीनस’ याच संग्रहालयात आहे, 1614 चं, सही-तारखेसह. रुबेन्स सही क्वचितच करायचा, म्हणून ती दुर्बिणीतून जरूर शोधावी. व्हीनस अंग आक्रसून बसली आहे, तिच्याजवळ छोटा क्युपिड कुडकुडतो आहे, आणि मागे फळं-कणसांनी भरलेलं शिंग घेऊन एक सॅटर, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रानदेव, हसतो आहे. मूळ आहे रोमन नाटककार टेरेन्सची ओळ: सेरेस आणि बाक्खस नसतील तर व्हीनस गारठते. सेरेस धान्याची देवी, बाक्खस द्राक्षांचा देव. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ म्हणणाऱ्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही, फक्त विठोबाच्या जागी इथे प्रेम आहे. शिंग समोर असून तिच्या हाती ते नाही, यात चित्राचा सगळा ताण आहे. चित्राची लाकडी फळी नंतर कुणीतरी वाढवली आणि भोवती निसर्गदृश्य जोडलं. कडेनं तिरप्या प्रकाशात बघितलं तर मूळ मांडणी किती घट्ट असेल याचा अंदाज येतो.

योरडान्सचं 1638 चं ‘म्हातारे गातात तशी पोरं पिपाणी वाजवतात’ हेही इथलंच. टेबलाभोवती तीन पिढ्या, आणि म्हण चित्रातच लिहिलेली. आपण ‘खाण तशी माती’ म्हणतो, तोच अर्थ. इथे अन्नापेक्षा अनुकरण महत्त्वाचं, त्यामुळे पंधरा मिनिटं पुरतात.

दुसरा दिवस, मंगळवार: मांसबाजार आणि स्नायडर्सचं घर

सकाळी नदीकाठच्या जुन्या ‘फ्लेइसहाउस’पासून सुरुवात. ही 1501 ते 1504 मध्ये बांधलेली खाटीक संघाची इमारत. लाल विटांच्या थरांमध्ये पांढऱ्या दगडाचे पट्टे आहेत, त्यांना तिथे ‘चरबीचे थर’ म्हणतात; चरबीचे पदर सुटलेल्या डुकराच्या मांसासारखे ते दिसतात. आत प्रवेश मिळेल याची खात्री नसते, पण इमारत बाहेरूनच पाहण्याची आहे.

याच शहरात पीटर आर्टसन या आम्स्टरडॅमच्या चित्रकारानं 1551 मध्ये ‘मांसाचं दुकान’ काढलं. त्याची प्रसिद्ध प्रत स्वीडनमध्ये उप्सालाला आहे, त्यामुळे तीही मोबाईलमध्येच बघावी लागते. समोर बैलाचं सोललेलं मुंडकं, सॉसेजच्या माळा, पाय, आतडी. मागे एका फटीतून दिसते गाढवावर बसलेली येशूची आई मरिया, गोरगरिबांना भाकरी वाटत जाणारी. मांसाच्या गर्दीत एका ताटलीवर दोन मासे एकमेकांवर आडवे, क्रुसासारखे ठेवले आहेत. उपासाचं अन्न मेजवानीच्या पोटात लपवलेलं. वर एका पाटीवर 154 रूड (जमिनीचं जुनं माप) जमीन विकायला असल्याची जाहिरात आहे. मांस, जमीन आणि भाकरीचं दान एकाच चौकटीत: दोन विकायच्या गोष्टी आणि एक फुकट द्यायची.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर काइझर रस्ता. तिथे निकोलास रॉकॉक्स आणि फ्रान्स स्नायडर्स यांची शेजारशेजारची घरं जोडून एक संग्रहालय केलं आहे. रॉकॉक्स शहराचा अनेकदा महापौर झाला, आणि नगरभवनाच्या दालनासाठी 1609 मध्ये चित्रं करवून घेणाऱ्यांत तो होता. स्नायडर्सनं 1620 मध्ये शेजारचं घर घेतलं. जन्म 1579, मृत्यू 1657. फळं, शिकार, मासळी यांच्या चित्रांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. रुबेन्सच्या चित्रांतही प्राणी आणि फळं अनेकदा त्याची आहेत.

स्नायडर्सची भरलेली टेबलं पाहताना एक क्रम ठेवला तर डोळा गोंधळत नाही.

आधी लाल रंग शोधावा. बहुतेकदा तो लॉब्स्टर असतो. जिवंत लॉब्स्टर काळपट निळा असतो, शिजल्यावर लाल होतो. बाकी सगळं कच्चं आणि लॉब्स्टर मात्र शिजलेला, याचा अर्थ चित्रकाराला मधोमध रंगाचा धक्का हवा होता, स्वयंपाकाची संगती नंतर.

मग ऋतू तपासावेत. स्ट्रॉबेरी आणि चेरी त्या भागात जूनच्या, द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरची. दोन्ही एकाच टोपलीत ताजी दिसली तर ती टोपली कुठल्याही बाजारात कधी भरली गेली नव्हती. आधी करून ठेवलेली अभ्यासचित्रं वापरून कार्यशाळेत ती जुळवली जाई, म्हणून तोच ससा, तोच हंस वेगवेगळ्या चित्रांत भेटतो. वर्षभराचं पीक एका क्षणी हजर करणं हाच सुबत्तेचा अर्थ आहे. याला वास्तववादाची चूक समजणाऱ्यांना चित्राचा हेतू निसटतो.

तिसरी गोष्ट रंगांच्या वयाची. पानं निळसर दिसली तर चित्रकार चुकला असं नाही. निळ्यावर वनस्पतीपासून केलेल्या पिवळ्याचा पातळ थर देऊन हिरवा साधत. तो पिवळा उजेडानं उडतो आणि खालचा निळा उरतो. उलट तांब्यापासून केलेला हिरवा थर तपकिरी पडतो. लिंबाचा पिवळा मात्र शिसं आणि कथिलाचा, तो चारशे वर्षं टिकतो. त्यामुळे आज लिंबं आहेत त्याहून जास्त उठून दिसतात आणि त्यांच्या भोवतीचा पाला मेलेला वाटतो. मूळ तोल मनात परत मांडूनच लिंबाच्या अर्थाकडे वळावं.

अर्थांबद्दल थोडं सांभाळून. शिंपल्या म्हणजे कामवासना, लिंबू म्हणजे वरून सुंदर आतून आंबट, फोडलेला अक्रोड म्हणजे ख्रिस्त (संत ऑगस्टीननं हिरवी साल म्हणजे देह, कवच म्हणजे क्रुसाचं लाकूड आणि गर म्हणजे देवत्व असं सांगितलं), देठानं धरलेला द्राक्षांचा घड म्हणजे शील. चीजवर लोणी ठेवलेलं दिसलं तर दुधावर दूध म्हणजे सैतानाचं काम अशी डच म्हण होती. हे अर्थ तेव्हाच्या लोकांना ठाऊक होते हे खरं. पण प्रत्येक लिंबू उपदेश करत नाही. दोन-तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच अर्थ धरावा. एकट्या फळावरून प्रवचन रचू नये.

या घराशी गोव्याचा धागाही जुळतो. 1501 मध्ये पोर्तुगीज जहाजांनी आणलेली मलबारची मिरी पहिल्यांदा अँटवर्पला पोचली आणि शहर युरोपातल्या मसाल्याच्या व्यापाराचं मुख्य ठाणं झालं. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकलं आणि पुढे या व्यापाराचं आशियातलं केंद्र तेच झालं. पुढे चिनी निळ्या-पांढऱ्या वाडग्यांनाही पोर्तुगीजांनी हीच वाट दाखवली. चित्रात स्ट्रॉबेरी अशा वाडग्यात दिसली की फळ गावचं, भांडं समुद्रापारचं, हे दुसरं मोल लक्षात घ्यावं. क्लारा पेटर्सनं असे वाडगे, चीज, मासे फार बारकाईनं काढले, आणि धातूच्या पेल्यांवर स्वतःची इवलीशी प्रतिबिंबंही. 2016 मध्ये तिच्या चित्रांचं प्रदर्शन आधी याच रॉकॉक्सच्या घरात आणि मग माद्रिदच्या प्राडोत झालं. प्राडोनं एका स्त्री चित्रकारासाठी भरवलेलं ते पहिलं प्रदर्शन.

दुपारी मायर फान देन बर्ग संग्रहालयात ब्रॉयगलची ‘डुले ग्रीट’ (1563). चिलखत घातलेली बाई नरकाच्या तोंडाशी लूट घेऊन धावते आहे. हाताखालच्या टोपलीत आणि पदरात भांडीकुंडी. इथे भरपूर आहे, पण कुणी दिलेलं नाही, ओरबाडलेलं आहे. कालच्या शिंगाशी तुलना आपोआप होते.

तिसरा दिवस, बुधवार: ब्रुसेल्स

अँटवर्पहून रेल्वेनं पाऊण तास. ब्रुसेल्स सेंट्रलला उतरून चढ चढत पाच-सात मिनिटांत राजेशाही ललितकला संग्रहालय. बुधवारी दुपारी शाळांच्या सहली कमी असतात.

आधी आर्टसन आणि त्याचा शिष्य, नात्यानं भाचा, योआखिम ब्यूकेलार. आर्टसनची 1559 ची ‘स्वयंपाकीण’ एखाद्या देवतेसारखी उभी आहे. चुलीपाशी काम करणाऱ्या बाईला इतकी मोठी, एकटीला जागा देणं तेव्हा नवीन होतं. ब्यूकेलारच्या 1565 च्या चित्रात समोर मांस, भाज्या, भांडी, कामात बुडालेल्या बायका. आणि मागे, कमानींच्या पलीकडे, छोटासा येशू मार्था आणि मरिया या बहिणींच्या घरी बसलेला. लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट: मार्था रांधण्यात गुंतली, मरिया पायाशी बसून ऐकत राहिली, आणि येशूनं मरियेची निवड बरी ठरवली.

या चित्रासमोर नेहमी एक चूक होते. लोक मागची गोष्ट सापडली की समोरचं अन्न सोडून देतात, जणू कोडं सुटलं. चित्र तसं रचलेलं नाही. नजर आधी मांसावर जाते, मग चुळबुळत मागे जाते, पुन्हा पुढे येते. आपण स्वतः मार्था होतो, आणि ते होणं हाच चित्राचा अनुभव. उलटा क्रम करून बघावा: एक मिनिट फक्त मागची छोटी आकृती, मग एकदम पुढचं ताट. ताट किती जोरात ओढतं ते तेव्हा कळतं. काही अभ्यासक अशा चित्रांत केवळ बाजाराचा अभिमान बघतात, काही केवळ उपदेश. माझ्या मते दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज आहे: भूक खरी नसेल तर उपदेशाला काय अर्थ?

ब्यूकेलारची चार महाभूतांची मालिका (1569-70) लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पृथ्वी म्हणजे भाजीबाजार, पाणी म्हणजे मासळी, हवा म्हणजे कोंबड्या-पक्षी, अग्नी म्हणजे स्वयंपाकघर. लंडनला जाणं होणार असेल तर ब्रुसेल्सचं हे चित्र आधी पाहून जावं, कारण अग्नीच्या चित्रातही मागे मार्था-मरियाच आहेत.

मग योरडान्सचं ‘सुफलतेचं रूपक’, साधारण 1623 चं. फळबागांची देवी पोमोना, वनदेवता, सॅटर, आणि त्यांच्यामध्ये द्राक्षं, भोपळे, पानांचा भार. पाठमोऱ्या उभ्या नग्न स्त्रीच्या पाठीवरचा उजेड आणि फळांच्या सालींवरचा उजेड एकाच कुंचल्यानं, एकाच जातीचा काढला आहे. या दालनात बाक असेल तर अर्धा तास बसावं. सेझारे रीपाच्या रूपककोशात (1593) सुबत्ता म्हणजे हिरव्या, सोनेरी भरतकामाच्या वस्त्रातली एकटी स्त्री: उजव्या हातात शिंग, डाव्या हातात कणसांची पेंढी, त्यातली काही कणसं गळून पडणारी. योरडान्सनं कोशातली एकटी स्त्री मोडून गर्दी केली. देणारा आणि घेणारा वेगळे काढताच येत नाहीत. पाच दिवसांत पाहिलेलं बिनअटीचं चित्र हे एकच.

त्याचंच ‘राजा पितो’ इथे आहे. 6 जानेवारीच्या सणाला केकमध्ये वालासारखा एक दाणा घालत. ज्याला तो मिळेल तो त्या रात्रीचा राजा. राजानं पेला उचलला की सगळ्यांनी ओरडायचं. योरडान्सनं हा विषय अनेकदा काढला. व्हिएन्नातल्या प्रतीवर लॅटिनमध्ये लिहिलं आहे की वेड्याला सर्वांत जवळचा म्हणजे प्यालेला.

‘डुले ग्रीट’ काढणाऱ्या थोरल्या ब्रॉयगलचं ‘कार्निव्हल आणि लेंट यांची झुंज’ (1559) व्हिएन्नात आहे. लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, कार्निव्हल म्हणजे त्याआधीची खाण्यापिण्याची धमाल. ब्रुसेल्सच्या संग्रहात त्याच्या मुलाची, धाकट्या ब्रॉयगलची, प्रत आहे. पिंपावर बसलेला लठ्ठ कार्निव्हल, हातात डुकराचं मुंडकं खोवलेली सळई. समोर हाडकुळा लेंट, डोक्यावर मधमाश्यांचं पोळं, हातात भट्टीच्या लांब फावड्यावर दोन मासे. संग्रहातलं प्रत्येक चित्र रोज भिंतीवर नसतं. या एका चित्रासाठी जाणार असाल तर आधी चौकशी करावी.

चौथा दिवस, गुरुवार: लव्हेन

ब्रुसेल्समार्गे लव्हेन, ब्रुसेल्सपासून अर्ध्या तासाच्या आत. स्थानकावरून सरळ रस्त्यानं सेंट पीटर चर्च. इथे डिर्क बाउट्सचं ‘अंतिम भोजन’ मूळ जिथे होतं त्याच चर्चमध्ये आहे, 1464 ते 1468 मधलं.

ढीग बघून आलेल्या डोळ्यांना हे टेबल रिकामं वाटतं. पांढरं कापड, गोल पाव, पेले, मधे ताट. त्यातलं कोकरू खाऊन झालेलं आहे. बाउट्सनं विश्वासघाताचा क्षण न घेता येशू पाव आशीर्वादित करतो तो क्षण घेतला. बाजूच्या चार फलकांवर जुन्या करारातली चार जेवणं: याजक-राजा मेल्कीसेदेक आब्राहामाला पाव आणि द्राक्षारस देतो, वल्हांडणाचं (इजिप्तमधून सुटकेच्या सणाचं) भोजन, रानात मान्ना, म्हणजे आकाशातून पडलेलं अन्न, गोळा करणारे लोक, आणि थकलेल्या एलिया या संदेष्ट्याला अन्न आणून देणारा देवदूत. चारही मधल्या पावाकडे बोट दाखवतात. 1464 चा करार उपलब्ध आहे. मांडणी ठरवायला धर्मशास्त्राचे दोन प्राध्यापक नेमले होते. मान्ना गोळा करणाऱ्यांत कुणी जास्त घेतलं तरी उरत नसे आणि कमी घेतलं तरी उणं पडत नसे, हे बायबलमधलं गणित लक्षात ठेवून तो फलक बघावा. आर्टसनच्या दुकानाच्या बरोबर उलट टोक.

दुपारपर्यंत हे पुरतं. दिवस हलका ठेवलेला बरा.

पाचवा दिवस, शुक्रवार: गेंट

सेंट बाव्हो कॅथीड्रलमधलं व्हान आइक बंधूंचं वेदीचित्र, 1432 चं. वेळ ठरवून तिकीट आधी काढावं लागतं. वरच्या रांगेतल्या फलकांच्या संवर्धनाचा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला. त्यामुळे काही फलक जागेवर नसतात. काम शहराच्या ललितकला संग्रहालयात काचेपलीकडे चालतं, आणि तिथे ते पाहता येतं. तिकिटाआधी कोणते फलक कुठे आहेत ते विचारून घ्यावं, नाहीतर बायबलमधली पहिली स्त्री ईव्ह पाहायला येऊन मोकळी जागा बघावी लागते.

ईव्हच्या हातात सफरचंद नाही. लिंबाच्या कुळातलं, सुरकुतलेलं, खडबडीत सालीचं छोटं फळ आहे. ‘आदमचं फळ’ नावानं ओळखलं जाणारं, महाळुंगाच्या नात्यातलं हे फळ असावं असं अनेक अभ्यासक मानतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात महाळुंग आहे हे माहीत असलेल्या माणसाची नजर इथे थबकते. त्याच कुळातलं फळ तिकडे देवीच्या हातात वरदानाचं, इकडे पतनाचं. दोघींनी एकमेकींकडून काही घेतलेलं नाही. त्यामुळे फळाचा अर्थ फळात शोधू नये, हातात शोधावा, हे मात्र पक्कं होतं. आदमच्या वर त्याच्या मुलांचं, काईन आणि हाबेलचं, देवाला अर्पण आहे, दगडी मूर्तीसारखं रंगवलेलं: एकाची पेंढी, एकाचं कोकरू. ईव्हच्या वर काईननं केलेला हाबेलचा खून. दिलेलं अन्न एकाचं स्वीकारलं, एकाचं नाही, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

दुपारी नदीकडे. 1407 ते 1419 मध्ये बांधलेला मोठा मांसबाजार बाहेरून बघावा. जवळच सिंट-फेर्ले चौकात जुन्या मासळीबाजाराचं 1689 चं दार आहे. वर त्रिशूळ घेतलेला नेपच्यून, खाली दोन बाजूंना गेंटच्या दोन नद्या: लेये स्त्रीरूपात आणि स्खेल्डे पुरुषरूपात. सोमवारी अँटवर्पला पाहिलेला तोच स्काल्डिस इथे मासे विकणाऱ्यांच्या डोक्यावर बसला आहे. 1648 च्या तहानं नदीचं मुख बंद ठेवण्यावर शिक्कामोर्तब झालं होतं, आणि ते उघडायला 1795 उजाडावं लागलं. दार घडवणाऱ्यांना ही बंदी ठाऊक होती. चौकाच्या पलीकडच्या कोपऱ्यात उभं राहिलं तर तिन्ही मूर्ती एका नजरेत मावतात.